फिश टँकच्या ‘पाणी तपासणी’त माझे १४,०१० रुपये गेले

नवीन फिश टँकचं पाणी दुधाळ झालं आणि दुकानदार म्हणाला, ‘पाणी चेक करायला माणूस पाठवतो’, तर त्या माणसाला दारातूनच परत पाठवा. आम्ही आत घेतला. तपासणीचे ३५०, पाणी ‘क्लिअर’ करायच्या बाटल्यांचे १,२६०, छोट्या आरओचे ७,९०० आणि वर्षभराच्या साफसफाईचे आगाऊ ४,५००. टाकी आणि माशांचे पैसे वेगळेच.

टाकी दोन फुटी, साधारण ५५ लिटरची. लेकीच्या हट्टासाठी गप्पी आणि मॉली घेतले. ‘आज भरा, आजच सोडा’ हे दुकानदाराचेच शब्द. लगेच पाणी पांढरं झालं, मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले. फोन केला तर म्हणाला, तुमच्या नळालाच घाण येते.

माणूस आला. त्याने दोन ग्लास मागितले. एकात टाकीचं पाणी, दुसऱ्यात त्याने आणलेलं आरओचं. वर सळ्या लावलेला डबा ठेवला, प्लग लावला. बघता बघता टाकीचं पाणी तपकिरी झालं, वर गाळाची साय. आरओचं तसंच स्वच्छ. लेक रडायला लागली. प्युरिफायर विकणारे दारोदार हाच खेळ करतात, हे तुम्हाला ठाऊक आहे, मलाही होतं. पण तो आरओ विकायला आलेला नव्हता, मासे वाचवायला आला होता. समोर मासा आडवा पडलेला असताना कोण उलटतपासणी घेत बसतं?

तरीही एक गोष्ट डोक्यातून जात नाही. त्याने डबा उचलला तेव्हा सळईवरून गंजाची धार ओघळत होती. गाळ पाण्यातून येत नव्हता, सळईतून सुटत होता. सळई खालून कुरतडल्यासारखी बारीक झाली होती. माझी नजर तिकडे गेली आणि त्याने फडक्याने झटकन पुसून टाकली. इतक्या घाईने का पुसली? तिथेच विचारायला हवं होतं. त्याऐवजी मी फोन काढला आणि यूपीआयने पैसे पाठवले.

पुढे बारावी सायन्सच्या भाच्याने दोन लोखंडी खिळे आणि नऊ व्होल्टची बॅटरी घेतली. आरओच्या पाण्यात खिळे बुडवले, रंग जवळपास बदलला नाही. त्यातच मीठ टाकलं, आणि हिरवट-तपकिरी गाळ. क्षार असले की वीज वाहते, लोखंड झिजतं. घाणीशी काही संबंध नाही! आणि गप्पी-मॉलींना क्षार असलेलंच पाणी मानवतं. नुसत्या आरओच्या पाण्यात पीएच कोसळतो, पाणी आम्लधर्मी होतं, म्हणजे ७,९०० देऊन मी त्यांचे हालच वाढवले.

खरा त्रास अमोनियाचा होता. माशांच्या विष्ठेतून अमोनिया होतो. जिवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि मग नायट्रेट. ते जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर वसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. नव्या टाकीत पाणी पांढरं होतं तेही बहुधा जिवाणूंमुळेच, आणि आपोआप निवळतं. साफसफाईवाला मात्र दर वेळी सगळं पाणी उपसून स्पंज नळाखाली खसाखसा धुवायचा. क्लोरीनचं पाणी! वसलेले जिवाणू मरायचे, अमोनिया पुन्हा वर. एकेक करत सगळे गप्पी गेले. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र) दाखवणाऱ्यालाही भुलू नका, त्यात अमोनिया दिसत नाही. अमोनिया आणि नायट्राइटचं थेंबांचं किट स्वतः घ्या, दोन्ही शून्य हवेत. खाणं कमी घाला. पाव टाकी पाणी बदला, तेही क्लोरीन काढून. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा.

पैसे परत मागायला गेले तर दुकानदार म्हणाला, ‘बिल दाखवा.’ बिल त्याने दिलंच नव्हतं, नुसती चिठ्ठी दिली होती. चौकीत हवालदार म्हणाले, ‘मॅडम, हे दिवाणी आहे. माशांसाठी गुन्हा नोंदवायचा का?’ अहो, माशांसाठी नाही, खोटी तपासणी दाखवून पैसे उकळले म्हणून! अर्जाची पोच द्यायलाही तयार नव्हते. पालिकेत पाणी खात्याने परवाना खात्याकडे पाठवलं, परवाना खात्याने पशुवैद्यकीयकडे, तिथे ‘आम्ही कुत्र्या-मांजरांचं बघतो.’ बँकेने सांगितलं, पिन तुम्हीच टाकलात. प्रत्येक टेबलावर एकच प्रश्न, ‘रक्कम किती?’ आणि आकडा ऐकला की चेहऱ्यावर ‘एवढंच ना’. चौदा हजार माझ्या घरात एवढेसे नाहीत.

बिल न देणं हीसुद्धा ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे, हे या सगळ्यांपैकी एकानेही सांगितलं नाही. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी लागत नाही. चिठ्ठीचा फोटो, यूपीआयच्या नोंदी आणि व्हॉट्सॲपवरचं बोलणं जोडून मी तक्रार टाकली आहे. तो डबा तुमच्याही घरी येऊन गेला असेल तर चिठ्ठी फेकू नका, मला कळवा. आयोगाची परवानगी घेऊन एकत्र तक्रार करता येते.