जुनी मोटरबोट घेताना: फायबर की ॲल्युमिनियम, आउटबोर्ड की स्टर्नड्राइव्ह?

जुनी बोट बघायला गेलं की नजर आधी रंगावर जाते, मग गाद्यांवर आणि स्टिअरिंगवर. या तिन्ही गोष्टी दोन दिवसांत चकचकीत करता येतात. पाच-सहा मीटरच्या बोटीत मोठा खर्च निघतो तो इंजिनात आणि ट्रान्सममध्ये, म्हणजे इंजिनाचा भार पेलणाऱ्या मागच्या भिंतीत. म्हणून खालचे पर्याय मी एकाच प्रश्नावर तोलले आहेत: बोटीत दोष असेल, तर पैसे देण्याआधी तो आपल्याला दिसेल का?

फायबर आणि ॲल्युमिनियम

फायबरची बोट जड असते आणि तिचा तळ हवा तसा घडवता येतो, त्यामुळे ती लाटा कापत मऊ चालते. उघड्या पाण्यात जायचं असेल तर हा फायदा फार मोठा आहे. तिचं दुखणं पोटात असतं. जुन्या फायबर बोटींत ट्रान्समच्या आत आणि तळाला आधार देणाऱ्या पट्ट्यांत बहुतेक वेळा प्लायवुड किंवा लाकूड असतं. एखाद्या स्क्रूच्या भोकातून पाणी झिरपलं की ते लाकूड कुजत जातं आणि वरचं फायबर मात्र धडधाकट दिसतं.

म्हणून प्लास्टिकच्या हातोडीने ट्रान्समवर हळूहळू ठोकत जा. चांगल्या जागी खणखणीत आवाज येतो, कुजलेल्या जागी भद्द. मग आउटबोर्ड, म्हणजे ट्रान्समला बाहेरून लावलेलं इंजिन, अर्धवट वर उचलून त्याच्या खालच्या टोकाला धरा आणि वर-खाली जोर द्या. ट्रान्सम लवला किंवा बोल्टांभोवतीच्या चिरा उघडल्या, तर किंमत कितीही कमी असली तरी परत फिरा. आतली जमीन पायाखाली दबते का तेही बघा. केसासारख्या बारीक चिरा दिसल्या म्हणून लगेच घाबरू नये, त्या बऱ्याचदा जेलकोटपुरत्या, म्हणजे फायबरवरच्या गुळगुळीत थरापुरत्या असतात. दोर बांधायच्या खुंट्यांभोवती किंवा कोपऱ्यांत त्या किरणांसारख्या पसरल्या असतील तर मात्र तिथे ताण आलेला आहे.

एक तपासणी फार कमी लोक करतात. ट्रेलरसकट बोट वजनकाट्यावर घाला, ट्रेलर, इंजिन, इंधन आणि सामानाचं वजन वजा करा आणि उरलेला आकडा उत्पादकाने दिलेल्या वजनाशी ताडून बघा. फार तफावत आली तर बोटीच्या जमिनीखाली भरलेला फोम पाणी पिऊन बसला असण्याची दाट शक्यता आहे.

ॲल्युमिनियमची बोट हलकी असते. लहान इंजिन पुरतं, ओढायला मोठी गाडी लागत नाही, दगडावर घासली तर बहुधा पोचा येऊन भागतं. ती आवाज करते आणि बारीक लाटांवर आदळत चालते, हे आधीच मान्य करून घ्यावं. पण तिचे दोष बरेचसे उघड्यावर असतात. रिव्हेटची बोट असेल तर ट्रेलरवरच आत वीतभरापेक्षा कमी पाणी भरा आणि बाहेरून कुठे ठिबकतंय ते बघा. वेल्डची असेल तर सांध्यांवर हाताचं बोट फिरवत तडे शोधा. खाऱ्या पाण्यात वापरलेल्या बोटीत स्टेनलेस स्टीलच्या बोल्टांशेजारी पांढरी भुकटी आणि खड्डे दिसतात का ते नीट पाहा. तळाला तांबं असलेला शेवाळरोधक रंग लावला होता का, हेही विचारा, कारण तांबं ॲल्युमिनियमला खाऊन टाकतं. आणि हिच्याही ट्रान्सममध्ये अनेकदा प्लायवुडच असतं, तेव्हा हातोडी इथेही चालवावी.

आउटबोर्ड आणि स्टर्नड्राइव्ह

स्टर्नड्राइव्ह म्हणजे इंजिन बोटीच्या आत आणि बोट ढकलणारा पंखा फिरवणारा भाग ट्रान्समच्या बाहेर. व्होल्वो पेंटाने १९५९ साली ही रचना बाजारात आणली. मागे आउटबोर्ड नसल्यामुळे पोहण्यासाठी मोकळी फळी मिळते. पण त्यासाठी ट्रान्समला मोठं भोक पाडलेलं असतं आणि तिथून पाणी आत येऊ नये म्हणून बेलोज, म्हणजे रबराच्या घडीदार नळ्या, बसवलेले असतात. ते फाटले तर धक्क्याला बांधलेली बोटही बुडू शकते. खाऱ्या पाण्यात एक्झॉस्टचे मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनाचा धूर गोळा करून बाहेर नेणारे भाग, आतून गंजतात. कडाक्याच्या थंडीत आतलं पाणी काढलं नसेल तर इंजिनाच्या ब्लॉकला तडा जातो. यातलं बरंचसं झाकण उघडूनही सहज दिसत नाही. अशी बोट स्वस्तात मिळत असेल, तर बेलोज शेवटचे कधी बदलले त्याची पावती आधी मागावी.

आउटबोर्ड सगळा डोळ्यांसमोर असतो, पाण्याबाहेर उचलता येतो आणि अगदीच संपला तर काढून दुसरा लावता येतो. जुना टू-स्ट्रोक हलका आणि दुरुस्तीला सोपा, पण इंधन जास्त पितो, धूर करतो आणि काही तलावांवर त्याला बंदी असते. फोर-स्ट्रोक शांत आणि काटकसरी, वजनाने मात्र बहुधा जड. इव्हिनरूडची इंजिनं बनणं २०२० साली थांबलं, तेव्हा त्या नावाचं इंजिन असेल तर सुटे भाग कुठे मिळतील ते आधी शोधून ठेवा.

तपासायला जाण्याआधी विक्रेत्याला इंजिन सुरू करून ठेवू नका असं सांगा. पोहोचल्यावर हात लावून बघा, ते गारच असलं पाहिजे, कारण गरम इंजिन आपले आजार लपवतं. सुरू झाल्यावर बाजूने इंजिन थंड करणाऱ्या पाण्याची धार जोरात यायला हवी. गिअरचं तेल दुधासारखं दिसलं तर सीलमधून पाणी आत गेलंय. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजून घ्या. सिलिंडरांच्या आकड्यांत साधारण १० टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. आणि कमी तास चाललेलं इंजिन चांगलंच असतं असं नाही, वर्षानुवर्षं पडून राहिल्याने इंधन चिकट होतं आणि रबर कडक होतं.

पहिलीच बोट असेल आणि तलाव, नदी किंवा शांत खाडीत फिरायचं असेल, तर मी ॲल्युमिनियम आणि फोर-स्ट्रोक आउटबोर्ड ही जोडी सुचवेन. लाटांत जायचं असेल तर फायबर घ्या, पण सर्व्हेअरला, म्हणजे बोटी तपासणाऱ्या जाणकाराला, पैसे देऊन तपासून घ्या. स्टर्नड्राइव्ह घ्यावी ती स्वतः इंजिन उघडणाऱ्याने. ट्रान्समवरचा हल क्रमांक, म्हणजे बोटीचा ओळख क्रमांक, कागदांशी जुळवून बघा, ट्रेलरची बेअरिंग फिरवून बघा आणि व्यवहार ठरण्याआधी बोट पाण्यात उतरवा. पूर्ण थ्रॉटलला इंजिनाने उत्पादकाने सांगितलेले मिनिटाचे फेरे गाठले नाहीत, तर पंखा चुकीचा आहे, इंजिन थकलंय किंवा तळात पाणी साठलंय. यातलं नेमकं काय ते कळेपर्यंत बयाणा देऊ नका.