स्प्रिंग बदलल्यावर गाडी मागून उंच राहिली, आणि त्या नावाखाली मला लुटलं

स्पोर्ट्स कारच्या स्प्रिंग बदलल्या आणि गाडी मागून उंच राहिली, की गॅरेजवाला हमखास सांगतो, "नव्या आहेत साहेब, चालवा, बसतील." यावर विसंबू नका. चांगल्या कंपनीची स्प्रिंग कारखान्यातच पूर्ण दाबून बसवून घेतलेली असते. गाडीला लावल्यावर ती फार तर काही मिलिमीटर खाली येते, बोटभर नाही. याच थापेपासून सुरुवात करून माझ्याकडून एकामागून एक बिलं वसूल केली गेली.

गाडी माझदा एमएक्स-५, पहिल्या पिढीतली. चारही चाकांना डबल विशबोन, म्हणजे चाकाला सांगाड्याशी जोडणारे वर-खाली दोन आर्म, आणि स्प्रिंग शॉकअब्सॉर्बरवरच चढवलेली. नव्या स्प्रिंगनी गाडी साधारण २५ मिलिमीटर खाली यायला हवी होती. पुढून आली, मागून जेमतेम दहा. गॅरेजमालकाने "बसतील" म्हणून वाटेला लावलं. गाडी बसली नाही तेव्हा म्हणाला, कंपनीने मागची जोडीच चुकीची पाठवली आहे, आपण योग्य उंचीची मागवू. त्याचे पैसे घेतले, वर अलाइनमेंटचे, म्हणजे चाकांचे कोन जुळवण्याचे, घेतले. गाडी हातात आली तेव्हा मागची उंची अगदी हवी तशी होती.

खरं कारण कुठल्याच स्प्रिंगमध्ये नव्हतं. मागचा शॉकअब्सॉर्बर काढताना आर्म नीट खाली झुकावा म्हणून त्यांनी आर्मचे आतले, सांगाड्याकडचे बोल्ट सैल केले होते, आणि काम झाल्यावर गाडी लिफ्टवर, चाकं हवेत लोंबकळत असतानाच ते आवळून टाकले. आर्मच्या सांध्यात बुश असतं; त्यात दोन नळ्यांच्या मध्ये रबर चिकटवलेलं असतं. बोल्ट आवळला की आतली नळी जागेवर जखडते, आर्म वर-खाली होतो तेव्हा रबर पिळलं जातं. म्हणून बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडीचं पूर्ण वजन चाकांवर असताना, म्हणजे नेहमीच्या उंचीला रबराला पीळच राहत नाही. हवेत आवळले तर गाडी जमिनीवर येताच सगळी बुशं पिळली जातात आणि जास्तीच्या स्प्रिंगसारखी गाडीला वर ढकलत राहतात. मागचे दहा-पंधरा मिलिमीटर तिथे अडकले होते. पुढचे आतले बोल्ट त्यांनी सोडलेच नव्हते, म्हणून पुढची उंची बरोबर आली.

हे त्या गॅरेजला माहीत नसेल असं मी मानत नाही. गाडी जमिनीवर ठेवून बोल्ट सैल करायचे, गाडी दोन-चार फूट पुढे-मागे ढकलायची आणि पुन्हा आवळायचे, एवढंच काम होतं. पण त्यासाठी वेगळं बिल लावता आलं नसतं.

मग मागची उंची खाली आली कशी? माझ्याच स्प्रिंगचा एक वेढा कापून. नवी जोडी आलीच नव्हती. कापलेल्या टोकावर ब्रशने रंग फासला होता, पण मधल्या वेढ्यावर कंपनीने छापलेला नंबर तसाच होता आणि खोका उघडताना काढलेल्या फोटोत तोच नंबर दिसत होता. स्प्रिंग कापली की ती फक्त आखूड होत नाही, कडकही होते. काम करणारे वेढे सहा असतील आणि त्यातला एक गेला, तर कडकपणा वीस टक्क्यांनी वाढतो. पुढची स्प्रिंग तशीच आणि मागची एवढी कडक, अशी मागच्या चाकांवर चालणारी हलकी गाडी ओल्या वळणावर शेपूट लवकर सोडते. माझ्या गाडीने ती सोडली. सुदैवाने समोरून कोणी येत नव्हतं. शिवाय मूळ टोक स्प्रिंगच्या बैठकीच्या खाचेत बसेल असं वळवलेलं असतं; कापलेलं टोक तिथे नीट टेकत नाही, आणि चाक पूर्ण खाली लोंबकळलं की आखूड स्प्रिंग सैल होऊन जागा सोडू शकते. पैशाचं दुःख एकवेळ विसरता येईल, पण हे करून गाडी हातात देणाऱ्याला मी माफ करू शकत नाही.

पुढे पिळलेल्या बुशांचं रबर फाटलं. त्यांचा खोटा आधार गेला आणि आधीच आखूड केलेली मागची बाजू खाली कोसळली, उजवीकडे जास्त. प्रत्येक खड्ड्यात बंप स्टॉपचा, म्हणजे चाक पूर्ण वर गेलं की अडवणाऱ्या रबरी ठोकळ्याचा, दणका बसू लागला. आता मालक म्हणाला, स्प्रिंग दबल्या, उंची वाढवावी लागेल. वेढ्यांच्या मध्ये रबराचे जाड तुकडे अडकवले आणि पुन्हा बिल केलं. रबर अडकलं की त्या जागचे वेढे दबणं बंद होतं, म्हणजे स्प्रिंग आणखी कडक.

दुसऱ्या मेकॅनिकने चाकं काढून बुशं दाखवली तेव्हा सगळा उलगडा झाला. प्रत्येक बुशचं रबर आतल्या नळीपासून सुटलं होतं आणि पीळ सगळ्यांचा एकाच दिशेने. जुन्या गाडीत बुशं झिजतात ती अशी एकसारखी नाही. अलाइनमेंटचे कागदही त्यानेच शेजारी शेजारी ठेवले. उंची बदलल्याच्या आधीच्या आणि नंतरच्या कागदावर कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) आणि टो (चाकाचं तोंड आत-बाहेर वळलेलं असणं) यांचे आकडे शेवटच्या अंकापर्यंत तेच! विशबोनच्या गाडीत उंची बदलली की कॅम्बर बदलतोच. गाडी मशीनवर चढलीच नव्हती, जुन्या कागदावर फक्त तारीख नवी होती. या कागदांपुढे मालकाला बोलता आलं नाही आणि अलाइनमेंटचे पैसे परत मिळाले. स्प्रिंगबद्दल तो आजही म्हणतो की त्या तशाच आल्या होत्या.

नवी बुशं, न कापलेली मागची जोडी आणि वजनावर आवळलेले बोल्ट, एवढ्यावर गाडी जवळजवळ सरळ झाली. मागे थोडा फरक उरला, तो बैठकीच्या रबरी चकतीची जाडी बदलून काढला. इथेही एक हिशेब लक्षात ठेवा. स्प्रिंग चाकाच्या आत, आर्मच्या मधल्या भागावर काम करते, त्यामुळे चाक हलतं तेवढी ती दबत नाही. हे प्रमाण ०.७ असेल तर ५ मिलिमीटरच्या चकतीने चाकापाशी सात मिलिमीटर फरक पडतो. जेवढी उंची हवी तेवढ्याच जाडीची चकती विकणाऱ्याने मोजमाप केलेलंच नसतं.

तुमची गाडी आत्ता मागून उंच असेल तर कुठलाही नवा भाग घेण्याआधी सपाट जागी उभी करा, टायरमध्ये हवा बरोबर भरा आणि चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर चारही बाजूंना मोजून फोटो काढा. जमिनीपासून मोजू नका, टायरची झीज त्यात मिसळते. मग तुमच्या डोळ्यांदेखत, चाकांवर वजन असताना, आर्मचे सगळे आतले बोल्ट सैल करून, गाडी पुढे-मागे ढकलून, टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) पुन्हा आवळायला सांगा आणि परत मोजा. आकडा हलला तर स्प्रिंगला हात लावू देऊ नका, थेट अलाइनमेंट करून घ्या. नाही हलला तर स्प्रिंगवरचे नंबर, टोक खाचेत बसलंय का आणि पुढची-मागची जोडी अदलाबदल झालीय का, ते बघा. गॅरेजवाला वजनावर बोल्ट आवळायला टाळाटाळ करत असेल, तर पैसे देण्याआधी गाडी दुसरीकडे न्या आणि काढलेला प्रत्येक जुना भाग सोबत घेऊन या.