पद्मिनीचा मग आणि परताव्याच्या नावाखाली झालेली फसवणूक

माझ्या वडिलांनी मुंबईत सव्वीस वर्षे प्रीमियर पद्मिनीची काळी-पिवळी टॅक्सी चालवली. कुर्ल्याच्या कारखान्यात घडलेल्या या गाडीची शेवटची टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये सेवेतून बाद झाली, त्या दिवशी ते कोणाशी फारसे बोलले नाहीत. म्हणून त्यांच्या पंचाहत्तरीला पद्मिनीचे चित्र असलेला मग द्यावा आणि सोबत थोरल्या भावासाठी बीबीसी मायक्रोचा मग मागवावा, असे मी ठरवले. १९८४ मध्ये शाळांसाठी सुरू झालेल्या ‘क्लास’ या संगणक-साक्षरता प्रकल्पातून हा ब्रिटिश संगणक त्याच्या शाळेत आला होता आणि त्याने हात लावलेला तो पहिला संगणक.

समाजमाध्यमावरील जाहिरातीत दोन्ही मगांची किंमत १,७९८ रुपये होती. पैसे आगाऊ भरायचे होते आणि विक्रेत्याचे नाव किंवा पत्ता कुठेही नव्हता. ई-कॉमर्सविषयीच्या २०२० च्या नियमांनुसार विक्री करणाऱ्या संकेतस्थळाने कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचा तपशील देणे बंधनकारक आहे, हे मला तेव्हा ठाऊक असते तर मी तिथेच थांबलो असतो.

आलेल्या मगांवर चित्रे चिकटवलेली होती. सब्लिमेशन या छपाईच्या पद्धतीत मगावर आधी विशिष्ट लेप असतो आणि उष्णतेने वायुरूप झालेली शाई त्या लेपात मुरते, त्यामुळे चित्राच्या कडेवरून नख फिरवले तरी ते अडकत नाही. माझे नख अडकले, आणि पहिल्याच धुण्यात पद्मिनीचे बोनेट सोलून हातात आले. बीबीसी मायक्रोच्या कळफलकावर वरच्या बाजूला लालसर रंगाच्या दहा कळांची ओळ असते. इथे ती अर्धी कापलेली होती. भावाने ते पाहताक्षणी ओळखले.

खरा घाव मात्र पुढे बसला. तक्रार केल्यावर एका गृहस्थाने अतिशय सौजन्याने, शुद्ध मराठीत फोन केला, परतावा मंजूर झाल्याचे सांगितले, एक क्यूआर कोड पाठवला आणि रक्कम जमा होण्यासाठी यूपीआयचा पिन टाकावा लागेल असे म्हणाला. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, तो फक्त पैसे देताना लागतो. पण मगांमुळे मन इतके खट्टू झाले होते की मी पिन टाकला आणि ९,९०० रुपये गेले.

तासाभरात १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली. त्याच संध्याकाळी विक्रेत्याचे पान नाहीसे झाले आणि पुरावा म्हणून मी आधी काढून ठेवलेले स्क्रीनशॉट तेवढे हाती उरले. रक्कम अद्याप परत मिळालेली नाही. गेल्या आठवड्यात मात्र त्याच मगांची तीच छायाचित्रे दुसऱ्या दुकानाच्या नावाने पुन्हा दिसली: पद्मिनीच्या मगामागे तीच लाकडी खिडकी आहे आणि तोच निळा पडदा.