क्रूझवरच्या बँडची नोकरी आणि अंधेरीतली एजन्सी

वादक मित्रांनो, हे वाचा आणि पुढे पाठवा. क्रूझवरच्या शो बँडमध्ये ट्रम्पेटची जागा देतो म्हणून अंधेरीतल्या एका एजन्सीने माझ्याकडून ८५,००० रुपये उकळले. आधी नोंदणी, मग मेडिकल, मग व्हिसा. प्रत्येक हप्त्यानंतर ‘जॉइनिंग पुढच्या महिन्यात’. शेवटी ऑफिसला कुलूप.

सांगितलेला पगार होता महिना १,८०० डॉलर, केबिन आणि जेवण फुकट, विमानाचं तिकीट कंपनीचं. यात अशक्य काहीच नव्हतं. बोटीवर वाजवणाऱ्यांना असे पगार मिळतात आणि राहण्या-खाण्याचा खर्च नसल्याने बरीच शिल्लक पडते. इथे गणपती, नवरात्र, थर्टी फर्स्ट आणि लग्नसराई सोडली तर नाइट, म्हणजे वाजवायचे कार्यक्रम, मोजक्याच. रेकॉर्डिंगमधलं ब्रासचं, म्हणजे ट्रम्पेटसारख्या फुंकवाद्यांचं, काम बरंचसं कीबोर्डवर उरकलं जातं. डोंबिवलीचं घरभाडं मात्र बारा महिने चालू, शेवटची लोकल चुकली तर गाडीभाडं वेगळं. आपली ही ओढाताण या लोकांना नेमकी ठाऊक असते.

ऑडिशनकडे नीट लक्ष द्या. शो बँडमध्ये समोर ठेवलेलं नोटेशन तिथल्या तिथे वाचून वाजवावं लागतं, त्यामुळे खरी ऑडिशन घेणारा साइट रीडिंग तपासतोच. यांनी मोबाइलवरचा एक व्हिडिओ मागवला आणि संध्याकाळी ‘सिलेक्टेड’ कळवलं.

क्रूझवरचा वादक कायद्याने खलाशीच धरला जातो. खलाशांसाठीचा २००६ चा आंतरराष्ट्रीय करार भारताने २०१५ मध्ये स्वीकारला. त्यानुसार नोकरी लावून देण्यासाठी उमेदवाराकडून पैसे घेता येत नाहीत. मेडिकल सर्टिफिकेट, सीडीसी (खलाशाचं सरकारी ओळख-पुस्तक) आणि पासपोर्ट यांचा खर्च आपला असू शकतो. व्हिसाचा खर्च जहाजमालकाचा. व्हिसाच्या नावाखाली माझ्याकडून सगळ्यात मोठी रक्कम घेतली गेली!

भरती करणाऱ्या एजन्सीकडे डीजी शिपिंगचा, म्हणजे जहाज वाहतूक पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या कार्यालयाचा, आरपीएसएल हा खलाशी भरतीचा परवाना लागतो. परवानाधारकांची यादी त्यांच्या वेबसाइटवर आहे. नुसता नंबर जुळवू नका, नाव आणि पत्ताही जुळवा. माझ्या ऑफर लेटरवरचा नंबर खरा होता, पण दुसऱ्याच कंपनीचा.

पासपोर्ट ‘स्टँपिंगसाठी’ ठेवून घेतला होता. पासपोर्ट ही केंद्र सरकारची मालमत्ता आहे, एजंटला तो अडकवून ठेवण्याचा हक्क नाही. पोलिसांकडे जातो म्हटल्यावर तो परत मिळाला, पैसे नाहीत.

ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. रक्कम पुढे सरकली नसेल तर खात्यातच गोठवता येते. माझी तक्रार पोलीस ठाण्यात दिलेली आहे. अंधेरीत याच पद्धतीने आणखी कुणाचे पैसे अडकले असतील तर पावत्या आणि चॅट पुसू नका, मला मेसेज करा. पुढच्या वेळी सगळे मिळून जाऊ.