लाइट गेली, तेल तेच राहिलं

२०२५ च्या जूनमध्ये, शाळा उघडली त्याच आठवड्यात, माझ्या गाडीच्या डॅशबोर्डवर पान्याचं चिन्ह आलं. सर्व्हिसिंगची वेळ झाली होती. गाडी छोटी, पेट्रोलवरची, बाबांनी मला दिलेली. बाबा एस.टी.च्या डेपोत ३१ वर्षं फिटर होते आणि गुडघे साथ देत होते तोवर या गाडीचं ऑइल त्यांनी स्वतःच बदललं. या वेळी त्यांना त्रास नको म्हणून मी नाशिकमधल्याच, शाळेच्या वाटेवरच्या एका गॅरेजमध्ये गाडी टाकली.

संध्याकाळी घ्यायला गेले. गॅरेजवाल्याने किल्ली फिरवून दाखवली. "बघा ताई, लाइट गेली. ऑइल, ऑइल फिल्टर, सगळं नवीन." ३,६५० रुपये झाले. साध्या पावतीपुस्तकातलं एक पान मिळालं, त्यावर ना गॅरेजचं नाव ना ऑइलचा ग्रेड. मी यूपीआयने पैसे दिले, "थँक यू दादा" म्हटलं आणि निघाले. त्याने मला पुरावा म्हणून विझलेली लाइट दाखवली आणि तो मला पुरावाच वाटला. हे लिहायला बसले ते याच एका गोष्टीसाठी.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात कल्याणहून परत येत होते. कसारा घाट चढताना वळणावर एक लाल दिवा क्षणभर लागला आणि विझला. तेलाच्या झारीसारखं चिन्ह, टोकाशी थेंब. पुढच्या वळणावर पुन्हा. मला वाटलं, ही तीच ऑइल बदलायची आठवण. दोन महिन्यांपूर्वीच तर काम केलंय, म्हणजे मीटरमध्ये काहीतरी बिघाड असणार. मी गाडी थांबवली नाही. इगतपुरीत चहाला थांबले तेव्हा इंजिनातून टकटक असा आवाज येत होता. शेजारच्या गॅरेजमधले वयस्कर मेस्त्री आपणहून उठून आले आणि म्हणाले, "बाई, आधी बंद करा ती."

त्यांनी तेलाची पातळी दाखवणारी गेजची पट्टी काढली, पुसली, पुन्हा घातली, काढली. खालच्या खुणेपर्यंतसुद्धा तेल नव्हतं. अगदी टोकाला काळा, पातळ डाग, आणि त्याला पेट्रोलचा वास. मी पावती दाखवली. ते काही बोलले नाहीत, बॅटरी घेऊन गाडीखाली गेले. जुनं तेल खालून सोडायला चेंबरचा नट उघडावा लागतो, त्या नटाभोवती वाळलेला चिखल तसाच होता. नट उघडला असता तर पान्याने तो निघालाच असता. मग त्यांनी फिल्टर खोलून माझ्या हातात दिला. त्याच्या पत्र्यावर पांढऱ्या पेंट मार्करने लिहिलं होतं: १४/६/२४. बाबांचं अक्षर. बाबा घरातल्या गॅस सिलिंडरपासून इन्व्हर्टरच्या बॅटरीपर्यंत सगळ्यावर तारीख घालतात.

मी तिथे उभी राहून रडले. पैसे गेले याचं दुःख होतंच, पण त्या गॅरेजवाल्याने मला तोंडावर "सगळं नवीन" म्हटलं होतं, आणि त्याच भरवशावर मी आठवी-नववीच्या चार मुलींना स्पर्धेसाठी त्या गाडीतून कल्याणला नेऊन आणलं होतं. गाडी घाटात बंद पडली असती तर?

लाइट घालवायला काय लागतं, ते नंतर बाबांनी मला दाखवलं. किल्ली बंद, मीटरवरचं ट्रिपचं बटण दाबून धरायचं, तसंच धरून किल्ली चालू करायची, थोड्या वेळाने पडद्यावर विचारतं, 'हो' म्हणायचं. अर्धं मिनिट. पाना नाही, तेल नाही, हात काळे होत नाहीत. गाडीगणिक पद्धत थोडी वेगळी असते, पण बहुतेक गाड्यांत हे मालकाच्या पुस्तिकेतच छापलेलं असतं.

आणि त्या पान्याच्या चिन्हाला तेलाविषयी काहीही कळत नाही. माझ्या गाडीत ते फक्त मोजणी करतं: १५,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. माझी गाडी वर्षात जेमतेम ५,००० किलोमीटर चालली होती, म्हणून मला वाटायचं की तेल तर अजून नवंच असेल. बाबांचं म्हणणं उलटं. शाळा घरापासून तीन किलोमीटर. इंजिन नीट तापायच्या आत मी ते बंद करते. मग न जळलेलं पेट्रोल आणि ओलावा तेलात उतरतो आणि तापून उडून जायला वेळच मिळत नाही. त्यात रॉकर कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या, पॅकिंगमधून थोडी गळतीही होती. काम केलं असतं तर ती पहिल्याच नजरेत दिसली असती.

माझा मावसभाऊ न्यू जर्सीत असतो. त्याच्या होंडात 'ऑइल लाइफ' टक्क्यांत दिसतं. १५ टक्क्यांवर आलं की गाडी सांगू लागते, सोबत अक्षरं येतात: 'ए' म्हणजे नुसतं ऑइल, 'बी' म्हणजे ऑइल-फिल्टर आणि बाकी तपासणीही. मी म्हटलं, तुझी गाडी तरी तेल तपासते. तर तीही तपासत नाही. इंजिनाचे फेरे किती झाले, ते किती तापलं, गाडी कशी चालवली यावरून संगणक अंदाज बांधतो. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९८८ मध्ये ही पद्धत गाड्यांत आणली, आणि मोजणी म्हणून ती खरोखर चांगली आहे. पण तेल न बदलता बटण दाबलं तर तिथेही तेच काळं तेल १०० टक्के दिसू लागतं. तेलाचा दर्जा स्वतः पाहणारा सेन्सर काही मोजक्याच, महागड्या गाड्यांत असतो.

लाल झारी ही मात्र अगदी वेगळी गोष्ट. ती तेलाचा दाब कमी झाल्याची खूण आहे. चालत्या गाडीत ती लागली की बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि पट्टी पाहा. मी घाटात ती पाहूनही चालवत राहिले. बेअरिंग वाचलं हे नशीब, पण सकाळी गाडी सुरू करताना टकटक अजूनही ऐकू येते.

एक न्यायाची गोष्टही सांगायला हवी. काम करूनही लाइट तशीच राहिली तर लगेच चोर म्हणू नका. बरेच चांगले मेस्त्री ऑइल बदलतात आणि रिसेट करायचं विसरतात. शिवाय डिझेल गाडीत नवं तेल थोड्याच अंतरात काळं पडतं, त्यामुळे नुसता काळा रंग हा पुरावा नाही. पेट्रोलच्या गाडीत ते बराच काळ मधासारखं दिसतं. काम झाल्या दिवशीच, गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून पाच मिनिटांनी पट्टी पाहिली असती, तर मला त्याच संध्याकाळी कळलं असतं.

मी फिल्टर घेऊन नाशिकच्या त्या गॅरेजमध्ये गेले. आधी म्हणाला, "पण ताई, लाइट गेली होती ना?" मग म्हणाला, पोराने चूक केली. शेवटी फिल्टरचे ४५० रुपये परत केले, ऑइलचे द्यायला तयार नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर मी तक्रार नोंदवली आहे. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क लागत नाही, त्यामुळे तिथेही जाणार आहे. अडचण आहे ती पावतीची. यूपीआयची नोंद आहे, पण तीत कशाचे पैसे ते लिहिलेलं नाही. तुम्ही घ्याल त्या बिलावर गॅरेजचं नाव, तारीख, किलोमीटर, ऑइलचा ग्रेड आणि किती लिटर, एवढं लिहून घ्या. जुना फिल्टर मागून घ्या. तो देताना कुणी कुरकुर केली तर डबा फोडायच्या आधीच गाडी बाहेर काढा.

इगतपुरीच्या काकांनी सीलबंद डबा माझ्यासमोर फोडला. जुनं तेल घमेल्यात निघालं ते दीड लिटरही नव्हतं. नवं साडेतीन लिटर गेलं. १,००० किलोमीटरनंतर पुन्हा बदला, आतला मळ निघून जाईल, असं सांगितलं. मजुरी फक्त २०० रुपये घेतली.

घरी आल्यावर बाबा म्हणाले, मीटरमधली मोजणी त्या माणसाने बटण दाबलं त्या दिवसापासून चालू आहे, ती खोटी आहे. त्यांनी मला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं, पुस्तिकेचं पान उघडून दिलं आणि बटण मी दाबलं. मग बाबा मार्कर घेऊन खाली वाकले. गुडघे दुखत होते तरी.