लिमात शंभरची नोट हातातून सोडण्याआधी

ओळखीतली काही मुलं स्वयंसेवक म्हणून पेरूला जायच्या तयारीत आहेत. त्यांनी हे निघण्याआधी वाचावं, म्हणून लिहितेय. लिमाच्या बाजारात पाकीट सांभाळा, मोबाइल सांभाळा, असं सगळेच बजावतात. नोटेची अदलाबदल करून लुबाडतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आयाकुचो भागातल्या एका गावात मी मुलांच्या अभ्यासवर्गाचं काम करत होते. पेरूत शाळा मार्चमध्ये सुरू होतात. त्याआधी वह्या, पेन्सिली, रंगपेट्या घाऊक भावात हव्या असतील तर रात्रभर बसने लिमा गाठायचं आणि तिथे मेसा रेदोंदा. मेर्कादो सेंत्राल या मध्यवर्ती मंडईला लागून असलेला हा बाजार म्हणजे जूनमधला अप्पा बळवंत चौक, पण त्याच्या कितीतरी पट पसरलेला. पैसे पालकांच्या वर्गणीचे होते, बटाटे विकून जमवलेले. गावातल्या शाळेच्या बाई सोबत होत्या. वरच्या मजल्यांवर आणि आतल्या बोळांत शिरायचं नाही, असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. याच गल्ल्यांत २९ डिसेंबर २००१ ला फटाक्यांची आग भडकून अडीचशेहून जास्त माणसं गेली. त्या पिढीतले लोक ते विसरलेले नाहीत.

गल्लीच्या तोंडाशीच हालादोर उभे असतात, गिऱ्हाईक ओढून दुकानाकडे नेणारी पोरं. त्यातल्या एकाने आम्हाला तळमजल्यावरच्या एका गाळ्याबाहेर नेलं, वह्यांचे गठ्ठे दाखवले. भाव एकशे साठ सोलवर ठरला (सोल हे पेरूचं चलन). मी शंभराच्या दोन नोटा दिल्या. “सुट्टे नाहीत, कासेरीता, आत्ता आणतो,” (कासेरीता म्हणजे नेहमीचं गिऱ्हाईक, तिथली लाडाची हाक) म्हणून तो गर्दीत शिरला आणि लगेच परत आला. “सेन्योरिता, या नोटा खोट्या आहेत. दुसऱ्या द्या.”

मी दिलेल्या नोटा नव्या मालिकेतल्या होत्या, २०२१ पासून आलेल्या, पेद्रो पाउलेत या अभियंत्याचं चित्र असलेल्या. बँकेच्या काउंटरवरून घेतल्या होत्या. त्याने माझ्या हातात ठेवलेल्या नोटांवर इतिहासकार होर्खे बासाद्रे होते, म्हणजे जुनी मालिका. मी तिथल्या तिथे हे बोलून दाखवलं. तो म्हणाला, “याच दिल्या तुम्ही.” शेजारी थांबलेल्या दोघींनी लगेच मान डोलावली, हो, याच दिल्या. त्या त्याच्याच टोळीतल्या असाव्यात असं मला आजही वाटतं. मग त्याने आवाज चढवला. खोट्या नोटा खपवणं गुन्हा आहे, पोलिसांना बोलवू का?

सगळा डाव या क्षणावर उभा असतो. परक्या देशात, भर बाजारात आपल्याला कुणी चोर म्हणतंय, या धास्तीने माणूस मुकाट्याने दुसरी नोट काढून देतो. ती दिली असती तर तीही बदलली गेली असती, हे नंतर चौकीत कळलं. मी म्हटलं, बोलवा पोलिसांना. तेवढ्यात तो गर्दीत दिसेनासा झाला, दोघीही गेल्या. गाळ्याचा मालक म्हणाला, हा पोरगा आमचा नाहीच. वह्या त्याने आत ओढून घेतल्या.

चौकीत तक्रार लिहून घेतली आणि खोट्या नोटा ठेवून घेतल्या. पैसे परत मिळाले नाहीत. दोनशे सोल, म्हणजे आपल्या हिशेबाने चार हजारांहून जास्त रुपये गेले. त्या वर्षी रंगपेट्या आल्या नाहीत. तक्रारीला जाण्याआधी एका ओळखीच्याने सुचवलं होतं, कशाला चौकीत जाता, रात्री टॅक्सीवाल्याला खपवून टाका. बाईंनी साफ नाही म्हटलं. त्या टॅक्सीवाल्याच्या घरीही शाळेत जाणारी मुलं असतील, एवढंच त्या म्हणाल्या. तशी खोटी नोट जाणूनबुजून पुढे ढकलणं तिथे खरोखरच गुन्हा आहे.

पेरूची मध्यवर्ती बँक लोकांना तीन गोष्टी शिकवते: स्पर्श करा, पाहा, कलवून बघा. खऱ्या नोटेवरची छपाई बोटाला खडबडीत लागते, उजेडासमोर धरल्यावर जलचिन्ह दिसतं, कलवल्यावर काही भागाचा रंग बदलतो. हे शिकून घ्याच. पण आपली नोट खरी असूनही बदलली जाते, तेव्हा याचा उपयोग नाही. म्हणून नोट देताना तिच्यावरच्या क्रमांकाचे शेवटचे तीन आकडे समोरच्याला ऐकू जातील असे मोठ्याने म्हणा. बाईंनी त्याच दुपारपासून ते सुरू केलं. सुट्टे आणतो म्हणून कुणी नोट घेऊन निघाला तर ती परत मागा आणि सुट्टे आल्यावरच द्या. बँकेतून पैसे घेतानाच दहा-वीसच्या नोटा मागून घ्या. आम्ही उरलेली खरेदी बाईंच्या मोबाइलवरून यापेने केली. ते तिथलं आपल्या यूपीआयसारखं आहे, पण परदेशी पाहुण्याला सहसा उघडता येत नाही. म्हणून स्थानिक माणूस सोबत असेल तर पैसे त्याच्यामार्फत द्या.

टॅक्सीतही हाच डाव चालतो, विशेषतः रात्री, दिवा बंद ठेवून. लिमातल्या टॅक्सींना मीटर नसतात, भाडं बसण्याआधी ठरतं. तेवढे पैसे मोजून हातात तयार ठेवा. सुट्टे म्हणून पाच सोलचं नाणं परत आलं तर तेही निरखून घ्या, खोटी नाणीही फिरतात. आणि सामान डिकीत असेल तर ते बाहेर काढून झाल्यावरच पैसे द्या.