दुधाचा पंप आणि सुकतीची (ओहोटीची) वेळ: नळीवाला घ्यावा की कपवाला?

रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ल्याच्या पट्ट्यात प्रयोगशाळेत किंवा किनाऱ्यावर काम करणाऱ्या बाईची बाळंतपणाची २६ आठवड्यांची रजा संपत आली की घरात चर्चा सुरू होते ती अंगावरचं दूध काढायच्या इलेक्ट्रिक पंपाची. चार्जिंगवर चालणारे डबल पंप बाजारात दोन तऱ्हांचे आहेत. एकात मोटर वेगळी असते आणि तिथून दोन नळ्या बाटल्यांपर्यंत जातात. दुसऱ्यात मोटर, झडप, दुधाचा साठा सगळं एका कपात, आणि तो कप कपड्यांच्या आत बसतो. आधीच सांगून टाकतो: या किनाऱ्यावर, या कामासाठी नळीवालाच घ्यावा.

कपवाल्याची जाहिरात हात मोकळे राहण्याची असते. ते खरं आहे, पण ताठ बसल्यावर. पुढे वाकलं की बऱ्याच मॉडेलमधून वरच्या फटीतून दूध गळतं. खडकाळ किनाऱ्यावर क्वाड्रॅट (मोजणीची चौकट) टाकून शिंपले-शंख मोजायचे म्हणजे कमरेत वाकणं आलंच. मायक्रोस्कोपवर तरी चालेल असं वाटतं, तर आयपीसला डोळा लावायलाही वाकावं लागतं. शिवाय सुटे भाग जास्त, कोपरे जास्त, आणि बॅटरी गेली की अख्खा कप बाद. संगणकावर डेटा भरणाऱ्या किंवा वर्गात शिकवणाऱ्या बाईसाठी हा पंप वाईट नाही, एवढं मात्र म्हणायला हवं.

नळीवाल्यात पाहायची पहिली गोष्ट म्हणजे तो क्लोज्ड सिस्टिमचा आहे का. नळी आणि बाटली यांच्या मध्ये सिलिकॉनचा पडदा असतो. त्यामुळे दूध किंवा त्याची वाफ मोटरीत जात नाही. हा पडदा नसलेला पंप कोकणात घेऊच नये. पावसाळ्यात नळीत पाण्याचे थेंब जमतात आणि दोन-चार दिवसांत काळी बुरशी धरते. नळी आतून घासता येत नाही, ती बदलावीच लागते. उपाय सोपा आहे: दूध काढून झाल्यावर बाटल्या सोडवून नुसत्या नळ्या लावलेला पंप दोन-तीन मिनिटं कोरडा चालवायचा. पडदा नसेल तर वहिनीचा किंवा मैत्रिणीचा जुना पंप फुकट मिळाला तरी नको.

ओढ किती एमएमएचजी (पाऱ्याचे मिलिमीटर), यावर विक्रेते भर देतात. २५० एमएमएचजी हा आकडा पाण्याच्या मॅनोमीटरवर, म्हणजे दाब मोजायच्या नळीवर, बघायचा तर जवळजवळ साडेतीन मीटर उंच नळी लागेल, म्हणजे ओढ कमी नाही. पण दूध ओढीने येत नाही, पान्ह्याने येतं. सुरुवातीला हलका आणि जलद मोड, साधारण दोन मिनिटं. पान्हा फुटला की संथ आणि खोल मोड. धार मंदावली की पुन्हा जलद मोडवर आणलं तर दुसरा पान्हा येतो. एकूण १५ ते २० मिनिटं. ओढ दुखेपर्यंत वाढवली तर पान्हा उलट अडतो, म्हणून सोसवेल त्याच्या एक पायरी खाली ठेवावी.

खरी गडबड फनेलच्या, म्हणजे छातीला लावायच्या नरसाळ्याच्या, मापात होते. खोक्यात बहुधा २४ मिमीचं फनेल येतं आणि ते पुष्कळ बायकांना मोठं होतं. बोंडशीचा व्यास साध्या पट्टीने मोजावा (वर्निअर काढायची हौस प्रयोगशाळेतल्यांना असतेच, पण गरज नाही), त्यात १ ते ३ मिमी मिळवावेत. १७, १९, २१ मिमीचे सिलिकॉन इन्सर्ट वेगळे मिळतात. फनेल मोठं असेल तर भोवतालची कातडीही आत ओढली जाते, सूज येते, दूध कमी येतं. आणि दोष मात्र आईच्या दुधाला दिला जातो.

ओढ अचानक कमी झाली तर मोटरवर संशय घेण्याआधी डकबिल झडप बघावी. चोचीसारखी ही सिलिकॉनची झडप हळूहळू सैल पडते, तिची चीर मिटत नाही. ब्रशने आतून घासली तर लगेच फाटते. ती साबणाच्या पाण्यात बोटाने चोळून धुवायची. दिवसाला तीन-चार वेळा वापर असेल तर दोन-तीन महिन्यांत बदलावी. दुसरं कारण पडदा ओला राहणं किंवा नीट न बसणं. चार झडपा, दोन पडदे आणि एक नळी टेबलाच्या खणात असलीच पाहिजे.

धुण्यासाठी स्वतंत्र टब ठेवा; प्रयोगशाळेच्या सिंकमध्ये हे भाग ठेवू नयेत. पाच मिनिटं उकळलेलं पुरतं. ऑटोक्लेव्हचा (प्रयोगशाळेतल्या वाफेच्या दाबाने निर्जंतुक करणाऱ्या भांड्याचा) मोह टाळा, त्यात आधी कोणाचे कल्चर (वाढवलेले जंतू) गेलेत ते भांडं सांगत नाही. यूव्ही (अतिनील) किरणांच्या डब्यात सावलीतला भाग निर्जंतुक होत नाही.

दूध कुठे ठेवायचं, हा प्रश्न पंपापेक्षा मोठा. फॉर्मॅलिनमधले प्लँक्टनचे (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांचे) नमुने असतात त्या फ्रिजमध्ये तर नाहीच, प्रयोगशाळेच्या उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्येही नाही. काढलेलं दूध २५ अंशांपर्यंत चार तास टिकतं असं धरतात, पण मे महिन्यात इथल्या सावलीतही पारा त्याच्या वर असतो. म्हणून थर्मलची पिशवी आणि गोठवलेले जेल पॅक हवेतच. हिशेब असा: ३०० मिली दूध ३७ वरून ४ अंशांवर आणायला साधारण ४० किलोज्यूल उष्णता काढावी लागते, म्हणजे सुमारे १२० ग्रॅम बर्फ वितळतो. बाहेरून शिरणारी उष्णता वेगळी. तेव्हा ४००-५०० ग्रॅमचे दोन पॅक, रात्रभर गोठवून, बाटल्यांना दोन्ही बाजूंनी चिकटवून. पॅक गोठलेले राहिले तर पिशवीत २४ तास चालतं. जेटीवरचा मासळीचा बर्फ बाटलीला लावू नये, तो पिण्याच्या पाण्याचा असेलच असं नाही.

किनाऱ्यावरच्या कामाची आणखी एक अडचण: सुकती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, बाळाची आणि दुधाची वेळ मात्र सरकत नाही. निघण्यापूर्वी एकदा आणि पाण्याबाहेर आल्यावर लगेच, असं धरून चालावं. मध्ये छातीत गाठ व्हायला लागली तर हाताने चालवायचा दुधाचा पंप पिशवीत हवा. पंपाचं चार्जिंगचं छिद्र खाऱ्या वाऱ्याने हिरवं पडतं, म्हणून मोटर झिपच्या पिशवीत सिलिका जेलसकट ठेवावी.

फ्रिजमध्ये दूध चार दिवस, फ्रीझरमध्ये सहा महिने. पण मोठा साठा करू नये. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे कित्येक दिवस वीज नव्हती. भरलेला फ्रीझर न उघडता ठेवला तरी दोन दिवसच तग धरतो.

घरी पाजणाऱ्या आजीला एक गोष्ट आधीच सांगून ठेवा. काही बायकांचं गोठवलेलं दूध लायपेज या चरबी फोडणाऱ्या विकरामुळे साबणासारखं वास मारतं. ते नासलेलं नसतं. तसं होत असेल तर गोठवण्याआधी कडेला बुडबुडे येईपर्यंत तापवून लगेच गार करावं. वितळलेलं दूध पुन्हा गोठवायचं नाही, मायक्रोवेव्हमध्ये तापवायचं नाही. कोमट पाण्याच्या भांड्यात बाटली ठेवायची आणि पाजायचं वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने.

घेताना विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा: या मॉडेलच्या झडपा सुट्या मिळतात का? उत्तर गोलमाल आलं तर मॉडेल सोडा. खोकं आलं त्याच दिवशी फनेल तळहातावर दाबून दोन्ही बाजूंची ओढ तपासा, अर्धा तास चालवून बॅटरी बघा. एकदा वापरलेला पंप बहुतेक ठिकाणी परत घेत नाहीत.